मुधोळच्या माळावर पळणारा कुत्रा खानापुरात का अडखळतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कर्नाटकातल्या मुधोळजवळच्या एका गावातून तुम्ही चौदा महिन्यांचा कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड जातीचा, नर कुत्रा आणला. तिथल्या माळावर तो सुटला की नजर पुरत नव्हती. आता चार महिने तो बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमच्या घरी आहे. इथे तो दोन-तीनशे मीटर पळून थांबतो, वळताना बिचकतो आणि दुसऱ्या दिवशी पुढचा उजवा पाय उचलून धरतो. बघणारा प्रत्येक जण सांगतो की रक्तात भेसळ आहे, परत देऊन या. शिकारी जातीचा कुत्रा असून असं का, आणि कुत्रा बदलावा का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्यावरून बदलू नका. कुत्रा तोच आहे, त्याच्या पायाखालची जमीन बदलली आहे. माझा जन्म चिकोडी तालुक्यातला. घरात तीन पिढ्या कारवानी कुत्री आहेत आणि मी स्वतः गेली पस्तीस वर्षं ती पाळतो, पळवतो. चांगली कुत्री रक्तावर शंका घेऊन परत गेलेली मी बरीच पाहिली. त्यांतल्या बहुतेकांना जमीन बाधली होती, एक-दोघांना ताप होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही 'शिकारीसाठी तयार करायचा आहे' असंही लिहिलंय. माझे वडील तरुणपणी अथणीकडच्या माळावर सशामागे कुत्री घालत, ते मी नाकारत नाही. पण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. आज ससा असो, काळवीट असो, त्याच्यामागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे. जिवंत सशावर कुत्रा 'उघडायचा' असा सल्ला कोणी दिला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मी आता फक्त यंत्राने ओढलेल्या चिंधीमागे कुत्री पळवतो. कुत्र्याचं पळणं तेच असतं, जमिनीचे धोकेही तेच. म्हणून पुढे जे सांगतो त्यात वडिलांच्या काळचं शहाणपण आहे आणि माझं आजचंही.

ही कुत्री वास काढत पळत नाहीत, नजरेने पळतात. आणि पळताना एका झेपेत दोन वेळा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा गोळा झालेलं असताना. म्हणजे खाली येताना पंचवीस किलोचं अंग क्षणभर एकेका पंजावर तोललं जातं. त्या पंजातही मधली दोन बोटं सगळ्यात जास्त भार घेतात. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्के भाग तसाही पुढच्या पायांवर असतो. भरधाव वळताना तर मनगटामागची छोटी गादी जमिनीला घासते, ब्रेकसारखी. हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की कुठली जमीन कुठे मारते ते आपोआप कळायला लागतं.

आपल्या भागाची गंमत अशी की पन्नास-साठ मैलांत जमीन चार वेळा बदलते. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्ग, पुढे मुधोळ म्हणजे कमी पावसाचा, उघडा, काळ्या जमिनीचा आणि मुरमाड माळांचा मुलूख. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, वाढवली, ती या मुलखात. नजर जिथवर जाईल तिथवर मोकळं. मध्ये चिकोडी-निपाणीकडे ऊस आणि तंबाखू. पश्चिमेला तुमचं खानापूर, जांभा दगड, भाताची खाचरं आणि जंगल. जातीचा पिंड पहिल्या मुलखाचा आहे आणि तुम्ही त्याला शेवटच्या मुलखात आणलंय.

काळ्या जमिनीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक तिला मऊ आणि सुरक्षित समजतात. कानडी शेतकरी जिला 'एरे' म्हणतात ती ही जमीन वर्षातून तीन वेळा रूप बदलते. पावसाळ्यात चिकट, हिवाळ्यात नीट, उन्हाळ्यात भेगाळलेली. पेरणीला आपण वापसा, म्हणजे मातीतला बेताचा ओलावा, बघतो ना, कुत्रा सोडतानाही तोच बघायचा. मूठभर माती उचलून दाबायची. ती बोटांना चिकटली तर कुत्र्याच्या बोटांनाही चिकटणार.

मी हे शिकलो ते बिजली नावाच्या माझ्या मादीच्या पायावर. परतीचा पाऊस होऊन आठ दिवस झाले होते. अथणीकडे पाहुण्यांच्या रानात वरची माती सुकून पांढरट झालेली, म्हणून मी खाली बघितलंच नाही. दोन फेऱ्या छान पळाली. तिसऱ्या फेरीत पुढचा डावा पाय उचलून आली. पंजा हातात घेतला तर मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात चिखलाचा गोळा बसलेला, सुपारीएवढा. त्यात ज्वारीच्या काडीचे तुकडे मिसळून तो भेंड्यासारखा घट्ट झालेला. प्रत्येक पावलाला तो गोळा दोन बोटं पाचरीसारखी फाकवत होता. मी घाईत तो नखाने उपटला. त्याच्याबरोबर केस आले, कातडी आली आणि खालचा पडदा चिरलेला दिसला. संध्याकाळपर्यंत बोटाचा सांधा सुजून लिंबाएवढा. तीन महिने तिला पळवता आलं नाही. तेव्हापासून नियम एकच आहे. चिखल कधी उपटायचा नाही. घमेल्यात कोमट पाणी, त्यात पंजा पाच-सात मिनिटं, माती आपोआप विरघळते. मग बेचकी सुक्या फडक्याने कोरडी करायची.

उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गुढीपाडव्यानंतर मी काळ्या रानात कुत्रा सुटा सोडतच नाही. भेगेत पाय अडकला आणि अंग पुढे गेलं की हाड मोडतं, त्यात नशिबाचा प्रश्न उरत नाही. नांगरट झालेल्या रानातही तसंच. ढेकळं वाळलेली असतील तर ती दगडच असतात. सरीच्या दिशेने कुत्रा धावतो तोवर ठीक, सरी आडवी कापायला लागला की प्रत्येक पावलाला मनगट वेगळ्या कोनात मुरगळतं. चिंधीची दोरी लावताना मी ती सरीला समांतर लावतो.

आणि धसकटं. ज्वारीची बरी, तंबाखूची त्याहून जाड, पण तुरीचं धसकट सगळ्यात वाईट. विळ्याने तिरकं कापलेलं असतं आणि वाळल्यावर खिळ्यासारखं होतं. जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते, आत इंचभर गेलेली असते. रक्त थांबलं म्हणून सोडून दिलं तर चार दिवसांनी पू होतो. अशा जखमेत वरून मलम भरू नका, डॉक्टरांकडून ती उघडून साफ करून घ्या. तेव्हा एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, की हा चरबी नसलेला, पळणाऱ्या जातीचा कुत्रा आहे. अशा कुत्र्यांना भुलीची काही औषधं उतरायला जास्त वेळ लागतो, म्हणून औषध निवडताना ते लक्षात घ्यावं लागतं.

मुरमाड माळ हे या जातीचं माहेर. तरी तिथेही बारीक खडे छर्ऱ्यांसारखे पायाखालून सरकतात आणि वळताना मनगटामागची गादी सोलते. वडील म्हणायचे, ससा नेहमी चढाकडे पळतो, कारण त्याचे मागचे पाय लांब. म्हणून जुनी माणसं कुत्रा चढाच्या बाजूला धरून उभी राहत. आपल्याला त्यातून घेण्यासारखं एवढंच की चढ पुठ्ठे घडवतो आणि उतार खांदे मोडतो. पळवायचं ते सपाटीवर किंवा किंचित चढावर, उतारावर कधीच नाही.

दसऱ्यापासून पुढे दोन-तीन महिने माळावर कुसळं. ती कानात गेली की कुत्रा एकाच बाजूला डोकं झाडत राहतो. बोटांच्या बेचक्यात शिरली तर गाठ येते, फुटते, बरी झाल्यासारखी वाटते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच येते. अशी परत परत येणारी गाठ म्हणजे आत कुसळ आहे असं समजून चालायचं. बाभळीच्या काट्यापेक्षा मला कुसळाची जास्त भीती वाटते, कारण काटा जिथे घुसतो तिथेच थांबतो आणि कुसळ पुढे सरकत राहतं.

ऊस आला की या कुत्र्याचा उपयोग संपतो. नजर अडली की तो थांबतो, उड्या मारून वरून बघायला लागतो. उसाच्या पात्याची धार डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा काढते. निपाणीकडे काही जण ही कुत्री उसातल्या रानडुकरांवर घालायला बघतात. कृपा करून तसं करू नका. पातळ कातडीच्या कुत्र्याला डुकराचा सुळा पोटापासून छातीपर्यंत फाडतो. राखणीला भुंकणारा गावठी कुत्रा त्याच्या दसपट कामाचा.

कृष्णाकाठची वाळू आणि गाळाची जमीन पंजाला प्रेमळ असते, पण वाळूत पाय रुततो आणि मांडीच्या आतल्या स्नायूवर ताण येतो. आठवड्यातून एखाद वेळ थोडं चालवायला चांगली, पळवायला नाही. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पाणी घरून न्यायचं, काठावर प्यायला सोडायचं नाही. वाळवंटातल्या अरबी सालुकी कुत्र्याच्या बोटांमध्ये केसांचा झुपका असतो, बोटं लांब असतात, तो पंजा वाळूसाठीच घडलेला. अफगाण हाउंडचे मोठे पंजे आणि कंबरेची ठेवण डोंगराळ मुलखाची. आपल्या कारवानीकडे त्यातलं काही नाही, आणि त्याच्याकडून ते मागणंही बरोबर नाही.

आता तुमचं खानापूर. तुम्ही लिहिलंय की कुत्र्याला भात कापलेल्या खाचरांत पळवता. माझ्या मते तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. खाचरं पायऱ्यांसारखी असतात. वीस-पंचवीस पावलांवर एक बांध येतो. दोनशे मीटर म्हणजे मुधोळच्या माळावर एक सरळ धाव, तुमच्याकडे दहाएक उड्या. प्रत्येक उडीनंतर तो वाळलेल्या कडक चिखलावर पुढच्या पायांवर उतरतो, आणि त्या चिखलात गुरांच्या खुरांचे खळगे तसेच वाळलेले असतात. दुसऱ्या दिवशी पुढचा पाय उचलून धरणं, ते नेमकं यामुळेच होऊ शकतं. आणि बांधापलीकडे चिंधी दिसेनाशी झाली की तो थांबणारच. त्याला भित्रा म्हणू नका. जे दिसतं त्याच्यामागे जाणं हाच त्याचा स्वभाव, दिसेना झालं तर तो जाणार कुठे?

खाचरांच्या वरचा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं दगडी पठार, तर किसणी आहे. कोरडा असताना गादी सोलतो, पावसाळ्यात शेवाळ धरून काचेसारखा निसरडा होतो. तिथे साखळीला धरून चालवणं चांगलं, गाद्या टणक होतात. सोडणं मात्र नाही. जंगलात तर सोडायचंच नाही. झाडांतून भरधाव जाणारा कुत्रा खोडाला धडकून जागीच मेलेला मी ऐकून आहे. बिबटे आहेत, फुरशी आहेत, आणि भीमगड अभयारण्य तुमच्या तालुक्यातच आहे. कुत्र्यांचे रोग, रेबीज असो की डिस्टेंपर, जंगलातल्या प्राण्यांना लागतात. लस पूर्ण असली तरी सुटा कुत्रा तिथे नको.

पण या सगळ्याच्या आधी एक तपासणी करून घ्या, कारण ती चुकली तर बाकीचा सल्ला वाया जाईल. उघड्या कोरड्या मुलखातून कुत्रा दमट, झाडीच्या भागात आला आणि चार महिन्यांत लवकर दमायला लागला, की माझ्या मनात पहिली शंका गोचीड-तापाची येते. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. फिकट आहेत का? लघवी गडद होते का? जेवण कमी झालंय का? कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी गोचिड्या शोधा. काही दिसो न दिसो, एकदा रक्त तपासून घ्या आणि प्लेटलेट बघायला सांगा. हा ताप वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो.

रक्त ठीक आलं तर दुसरी परीक्षा. एखादं सपाट, आखूड गवताचं, मोकळं मैदान बघा. आधी तुम्ही स्वतः ते टोकापासून टोकापर्यंत चाला, हातात काठी घेऊन. खड्डा, काच, तार, कठडा नसलेली विहीर, ठिबकची नळी, सगळं बघा. काटेरी तार या कुत्र्याला वेगात दिसत नाही, हे कायम लक्षात ठेवा. मग सकाळी लवकर त्याला सरळ दोनशे मीटर एकदाच पळवा. तिथे तो साफ पळाला आणि दुसऱ्या दिवशी पाय नीट टेकला, तर रक्ताची चर्चा बंद करा, दोष खाचरांचा. तिथेही लंगडला तर खांदा, मनगट, बोटं यांचा एक्स-रे काढा. चौदा महिन्यांचा आणला, म्हणजे आता दीड वर्षाचा. त्याची हाडं भरत असतानाच तुम्ही त्याला उड्या मारायला लावल्या आहेत, ही शक्यता मी नाकारत नाही. आणि वंशावळीचं खरंच जाणून घ्यायचं असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे कुत्रा नेऊन दाखवा. गावकट्ट्यावरच्या मतापेक्षा ते बरं.

पुढचे सहा आठवडे मी असतो तर असं केलं असतं. पहिले तीन आठवडे पळवणं बंद. रोज पाऊण तास साखळीला धरून चाल, निम्मी कच्च्या रस्त्यावर, निम्मी जांभ्यावर. गादी चालण्याने टणक होते, वरून लावलेल्या कशाने होत नाही. चौथ्या आठवड्यापासून दोन दिवस चढावर चाल आणि एक दिवस सरळ धाव. सहाव्या आठवड्यात वळण, तेही मोठ्या घेराचं. पळवण्याआधी चार तास पोटात अन्न नको, कारण खोल छातीच्या कुत्र्याला पोट फुगून पिळा बसायचा धोका असतो. नखं आखूड ठेवा, लांब नख बोट उलटं वळवतं. आणि रोज संध्याकाळी मोबाइलचा उजेड पाडून चारही पंजे, अठरा नखं आणि प्रत्येक बेचकं बोटाने चाचपा. माझ्या घरी हे जेवणाआधी होतं, एकही दिवस चुकत नाही.

उन्हाचं एक राहिलं. तुमच्याकडे सावली आहे, हवा थंड आहे. त्याच सवयीने उद्या त्याला मार्च-एप्रिलमध्ये अथणीकडे शर्यतीला नेलंत तर घात होईल. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जिभेवाटे धापा टाकून थंड होतो. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. पळाल्यावर ते चढतं, पण विसावल्यावर झपाट्याने उतरायला हवं. १०६ च्या वर राहिलं तर जीव धोक्यात. जीभ रुंद होऊन लाल-जांभळी पडली, तोल जायला लागला, तर दवाखाना शोधत बसण्याआधी तिथेच अंगावर पाणी ओता, पोटाला, मांड्यांच्या आत, पंजांना, आणि वारा घाला. ओलं पोतं गुंडाळू नका, ते आतली उष्णता कोंडतं. मग डॉक्टरांकडे. आणि जोरात पळाल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू आतून फुटले आहेत असं समजून त्याच दिवशी सलाइन लावून घ्या, सकाळची वाट बघू नका.

उत्तर लांबलं, पण तुम्ही कुत्रा परत द्यायच्या विचारात आहात म्हणून राहवलं नाही. रक्ताचा अहवाल आला की त्यातला प्लेटलेटचा आकडा लिहा. पुढच्या उजव्या पंजाचा खालून, गाद्या नीट दिसतील असा एक फोटो आणि मनगटामागच्या छोट्या गादीचा वेगळा फोटो टाका. ती गादी सोललेली असेल तर तो वळताना घसरतोय, आणि शाबूत असूनही लंगडत असेल तर मला त्याचा खांदा बघावा लागेल.